रुळांकडेची शाळा आणि मातीची भिंत : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दख्खनच्या पर्जन्यछायेतल्या एका गावातली ही माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावीचे वर्ग, सुमारे ६० मीटर लांबीची एकमजली ओळ, काळ्या दगडाचे जोते, वर पत्रे. गावाचे, संस्थेचे आणि रेल्वेमार्गाचे नाव इथे दिलेले नाही. या कामात माझा भाग आवाजाच्या मोजणीचा आणि भिंतीच्या आराखड्याचा होता.

शाळा बांधली तेव्हा मागून एकेरी मार्ग जात होता. दिवसभरात मोजक्याच गाड्या, आणि त्यांच्या वेळा मुलांना पाठ. पुढे दुहेरीकरण झाले, विद्युतीकरण झाले आणि मालगाड्या वाढल्या. नवा रूळ शाळेच्या बाजूला आला आणि खिडक्यांपासून जवळच्या रुळाचे अंतर ४२ मीटर उरले. रूळ शाळेच्या जमिनीपेक्षा साधारण एक मीटर उंच भरावावर आहेत. जवळच फाटक असल्याने शाळेच्या अलीकडेच ‘सी/फा’ (सीटी/फाटक) अशी पिवळी पाटी लागते, आणि तिथे भोंगा वाजवणे चालकाला बंधनकारक असते.

५८ वाघिणींची (मालडब्यांची) मालगाडी इंजिनासकट साडेसहाशे मीटरच्या आसपास भरते. ताशी ५० किलोमीटरने ती शाळेसमोरून पूर्ण जायला पाऊण मिनिटाहून थोडा जास्त वेळ घेते. एवढा वेळ शिक्षक फळ्याकडे वळून गप्प उभे राहतात.

अडचण नेमकी कोणती होती

शाळा समितीच्या पहिल्या बैठकीत मागणी एका ओळीची होती : ‘भिंत बांधा, आवाज थांबवा.’ निम्मे काम इथेच चुकू शकते. रेल्वेचा आवाज म्हणजे एकच आवाज नव्हे. या शाळेत येणारे आवाज तीन होते आणि तिघांची उंची वेगळी होती. चाक आणि रूळ यांच्या घर्षणाचा, खडबडीचा खडखडाट रुळालगत, म्हणजे शाळेच्या जमिनीपासून दीड मीटरवर. इंजिनाच्या पंख्यांचा आणि यंत्रांचा आवाज त्याच्या वर. आणि भोंगा इंजिनाच्या छताजवळ, शाळेच्या जमिनीपासून जवळपास पाच मीटरवर. जी भिंत पहिल्याला अडवते ती तिसऱ्याला अडवेलच असे नाही.

मोबाइलवरच्या ॲपचे आकडे सुरुवातीला सगळेच दाखवत होते. प्रत्येक फोनचा आकडा वेगळा. शेवटी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून प्रमाणित ध्वनिमापक आणला आणि खिडकी उघडी, खिडकी बंद, पहिला बाक, शेवटचा बाक अशा ठिकाणी नोंदी घेतल्या. बसलेल्या मुलाच्या कानाची उंची धरली, उभ्या माणसाची नाही. ऐकणारा तिथे बसलेला आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे शाळा-रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गातल्या पार्श्वभूमी आवाजासाठी ३५ डेसिबलची शिफारस केली. खिडक्या उघड्या ठेवून चालणाऱ्या, रुळाकडेच्या शाळेला ३५ गाठणे शक्य नाही, हे समितीला पहिल्याच दिवशी सांगितले. मग ठरवायचे काय? आम्ही उद्दिष्ट असे ठेवले : मालगाडी जात असताना तिसऱ्या बाकापर्यंत शिक्षकाचे वाक्य, आवाज न चढवता, पोचले पाहिजे. हे मोजता येते आणि शिक्षकांनाही समजते.

समितीतल्या काही जणांना हा खर्च अनाठायी वाटत होता. ‘आम्हीही इथेच शिकलो, काय बिघडले?’ त्यांच्यापुढे न्यूयॉर्कच्या एका शाळेचे उदाहरण ठेवले. मॅनहॅटनमधल्या उन्नत रेल्वेमार्गालगतच्या पीएस ९८ या शाळेचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. एकाच इमारतीत रुळांकडच्या वर्गांतली मुले वाचनात मागे पडलेली आढळली. सहावीपर्यंत हे अंतर जवळपास एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते केली आणि नंतरच्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांमधला फरक दिसेनासा झाला. या एका उदाहरणाने बैठकीचा रोख बदलला.

पर्याय

पहिला पर्याय झाडांचा. सगळ्यांना आवडणारा, स्वस्त, आणि आवाजाच्या बाबतीत जवळपास निरुपयोगी. तीस-तीस मीटर खोल, जमिनीपासून शेंड्यापर्यंत दाट वृक्षराजी असेल तर काही डेसिबल कमी होतात. एक-दोन रांगा लावून गाडी दिसेनाशी होते, ऐकू येणे थांबत नाही. झाडे लावलीच, पण धुळीसाठी आणि सावलीसाठी.

दुसरा पत्र्याच्या कुंपणाचा. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार किलोच्या आसपास भरतो. ध्वनिरोधक आडोशाला चौरस मीटरमागे निदान दहा ते वीस किलो वजन हवे, नाहीतर आवाज आरपार जातो. शिवाय सैल पत्रा स्वतःच थरथरून वाजतो.

तिसरा काँक्रीटचा. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या पुलावर रुळापासून दोन मीटर उंचीचे, एक मीटर रुंदीचे काँक्रीटचे ध्वनिरोधक बसवले जात आहेत. पुलाच्या कडेवर दुसरे काही उभे करणे अवघडच, तिथे ती निवड योग्य आहे. शाळेकडे मात्र मोकळी जमीन होती, गावात माती होती आणि हातात पैसा बेताचा होता.

म्हणून माती. इथे समितीने वारंवार विचारलेला प्रश्न होता, ‘मातीने आवाज अडेल का?’ धुम्मस (माती ठोकून बसवायचे जड अवजार) मारून दाबलेल्या मातीची घनता घनमीटरला साधारण १९०० किलो असते. ४५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचे वजन त्या हिशेबाने चौरस मीटरमागे साडेआठशे किलोच्या वर जाते. गरज वीस किलोची. म्हणजे मातीतून आवाज पलीकडे जाणे हा विषयच संपला. आवाज जाणार तो डोक्यावरून वळून, टोकांना वळसा घालून आणि फटींतून. उंची किती, टोके कुठे, फट कुठे आणि पावसाचे पाणी कुठून जाणार, या चार प्रश्नांतच मातीच्या ध्वनिभिंतीचे यश-अपयश ठरते.

मातीचेही दोन मार्ग होते : उताराचा बांध किंवा उभी भिंत.

बांधाकडे सगळ्यांचा ओढा होता. जिल्ह्यात पाझर तलावांची कामे केलेले ठेकेदार आहेत, बांध घालणे त्यांच्या हातचा मळ. बांधाला पाया नको, साचा नको, वर गवत येते, आणि तितक्याच उंचीच्या भिंतीपेक्षा तो एक ते तीन डेसिबल जास्त आवाज कमी करतो, कारण त्याचा उतार आणि गवत आवाज शोषतात. नेदरलँड्समध्ये स्किफोल विमानतळाजवळच्या रहिवाशांच्या लक्षात आले होते की आजूबाजूची शेते नांगरली की धावपट्टीचा आवाज कमी येतो. त्यावरून तिथे २०१३ साली मातीच्या वरंब्यांचे एक अख्खे उद्यानच केले गेले.

पण बांध जागा खातो. तीन मीटर उंची, माथा एक मीटर, दोन्हीकडे दोनास एक (दोन मीटर आडवे, एक मीटर उभे) उतार धरला तर पाया १३ मीटर होतो. छेदाचे क्षेत्रफळ २१ चौरस मीटर. एवढा रुंद बांध खिडक्यांजवळ घालता येत नाही; तो हद्दीच्या बाजूला, खिडक्यांपासून २० मीटरवरच बसत होता. आणि आडोसा ऐकणाऱ्यापासून जितका लांब, तितकी त्याची लांबी वाढवावी लागते. आडोसा ऐकणाऱ्यापासून जेवढ्या अंतरावर, त्याच्या चौपट तो प्रत्येक टोकाला पुढे न्यावा, असा ठोकताळा आहे. २० मीटरसाठी दोन्हीकडे ८०-८० मीटर, मधली शाळा ६०, एकूण २२० मीटर. एकवीस गुणिले दोनशे वीस म्हणजे ४६२० घनमीटर, दाबून भरल्यावर सोळाशे ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वर! एवढ्या मुरमाची रॉयल्टी, वाहतूक आणि ज्या टेकडीतून तो खणायचा तिची अवस्था, हे सगळे पाहिल्यावर ‘नैसर्गिक’ म्हणून बांध निवडणे मला पटेना.

भिंत कुठे घालायची : खरा निर्णय

सगळ्यात जास्त वाद झाला तो जागेवरून. मुख्याध्यापकांना भिंत अगदी रेल्वेच्या हद्दीवर हवी होती. त्यामागचे कारण खरे होते : मुले रुळांकडे जाणार नाहीत. पण हिशेब वेगळेच सांगत होता.

आवाज आडोशाच्या माथ्यावरून वळून येताना सरळ वाटेपेक्षा जितका जास्त लांब फिरतो, तितका तो क्षीण होतो. जपानी ध्वनितज्ज्ञ माएकावा यांनी १९६८ साली मांडलेला आलेख याच फरकावर उभा आहे. स्रोत आणि ऐकणारा यांच्या बरोबर मध्ये असलेला आडोसा सगळ्यात कमी कामाचा. तो एका टोकाला सरकवला की तीच उंची जास्त काम करते. रुळाशेजारी जाता येत नाही, कारण ती रेल्वेची जमीन. उरते ती शाळेची बाजू.

तीन मीटर उंचीची भिंत खिडक्यांपासून २० मीटरवर धरली तर १००० हर्ट्झला, म्हणजे मधल्या पट्टीत, चाकांचा आवाज त्या आलेखाच्या सूत्राप्रमाणे ११ डेसिबल कमी होतो. तीच भिंत ८ मीटरवर आणली तर १२ च्या थोडे वर. एका डेसिबलसाठी कोणी भांडणार नाही. फरक भोंग्यात होता. पाच मीटरवरच्या भोंग्यापासून बसलेल्या मुलाच्या कानापर्यंत सरळ रेघ ओढली, तर २० मीटरवरच्या भिंतीच्या जागी ती रेघ जमिनीपासून ३.३ मीटरवरून जाते. तीन मीटरच्या भिंतीवरून भोंगा थेट वर्गात! ८ मीटरच्या जागी मात्र ती रेघ २.४ मीटरवर येते, म्हणजे तीच भिंत भोंग्यालाही आडवी येते आणि सूत्राप्रमाणे सहा-सात डेसिबल कमी करते. लांबीही घटते : चौपटीच्या ठोकताळ्याने दोन्हीकडे ३२-३२ मीटर पुरतात, आणि टोके शाळेच्या बाजूला काटकोनात वळवली तर त्याहूनही कमी.

हा कागद पाहिल्यावर मुख्याध्यापकांचा विरोध मावळला, पण क्रीडाशिक्षकांचा सुरू झाला. रुळांकडच्या त्या पट्ट्यात खो-खोचे मैदान होते. भिंत मध्ये आली की मैदान पलीकडे, शिक्षकांच्या नजरेआड आणि रुळांच्या बाजूला. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. २७ बाय १६ मीटरचे मैदान शाळेच्या पुढच्या बाजूला, ध्वजस्तंभाच्या शेजारी हलवायचे ठरले. तिथला खडक फोडून, मुरूम पसरून, रोलर फिरवून ते तयार होईपर्यंत भिंतीचे काम सुरू करायचे नाही, ही अट क्रीडाशिक्षकांनी लिहून घेतली. काम त्यामुळे लांबले; अट तरीही योग्यच होती. जुन्या पट्ट्याला तारेचे कुंपण घालून तिथे करंज आणि कडुनिंब लावले.

रेल्वे हद्दीजवळच्या बांधकामाला रेल्वेची ना हरकत घ्यावी लागते. नकाशात पाण्याचा उतार स्पष्ट दाखवा आणि पाणी भरावाच्या पायथ्याशी जाऊ देऊ नका, एवढाच मुद्दा तिथून आला. भिंत हद्दीपासून लांब असल्याने तो सोडवणे सोपे गेले.

माती निवडताना

गावातून माती तीन ठिकाणांहून देऊ केली गेली. तलावातून काढलेला काळा गाळ फुकट होता. शेतासाठी तो सोन्याचा, भिंतीसाठी धोक्याचा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळून भेगाळते. ६० सेंटिमीटर लांबीच्या लाकडी पेटीत ओली करून भरली आणि सावलीत वाळवली, तर ती आक्रसून कडेपासून सुटली आणि मध्ये तीन तुकडे झाले. शेततळ्यातून निघालेला मुरूम उलट. त्यात चिकणमाती इतकी कमी की मुठीत वळलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकताच भुगा.

तिसरी होती पांढरी माती. गावच्या गढीचे बुरूज याच मातीचे. कोणी सुचवले, गढी पडतेच आहे, तिथून ट्रॉल्या भरा. ते समितीने साफ नाकारले, आणि या प्रकरणातला मला सर्वात आवडलेला निर्णय तो. गढीची माती उचलून उचलून कितीतरी गावांनी आपला इतिहास शेतात पसरला आहे. त्याऐवजी घरकुल योजनेसाठी जी जुनी मातीची घरे पाडली जात होती, त्यांच्या भिंतींचा ढिगारा मागितला. लोकांना तो टाकायला जागा नव्हती. चाळून काढलेल्या या मातीत शेततळ्याचा मुरूम मिसळला, निरनिराळी प्रमाणे पेटीत आणि गोळ्यात तपासली. दोन भाग मुरूम आणि एक भाग जुन्या भिंतींची माती हे मिश्रण उतरले. बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून थर मोजायचे काम नववीच्या मुलांनी प्रयोगशाळेत केले.

मग सिमेंटचा प्रश्न. ठेकेदाराने सांगितले, सहा टक्के सिमेंट सगळीकडे घाला, डोक्याला ताप नाही. हिशेब केला. भिंतीची बांधायची लांबी १०८ मीटर, जोत्यावरची मातीची उंची २.४ मीटर, जाडी ४५ सेंटिमीटर : जवळपास ११७ घनमीटर, दाबलेली ४१ ब्रास माती. बांधाच्या सोळाशे ब्राससमोर हा आकडा ठेवून पाहा. पण हिच्या सहा टक्के म्हणजे १३ टनांहून अधिक सिमेंट. तेवढ्याच लांबीच्या, जोत्यासकट पूर्ण तीन मीटर उंचीच्या १५ सेंटिमीटरच्या काँक्रीट भिंतीला साधारण १७ टन लागले असते, शिवाय लोखंड. म्हणजे ‘मातीची भिंत’ म्हणून मिरवायचे आणि सिमेंट काँक्रीटच्या पाऊणपट! शाश्वत बांधकामाच्या नावाखाली हे सर्रास होते आणि ते मला खुपते.

उपाय निघाला तो जुन्या वाड्यांच्या रीतीकडे पाहून. पाणी भिंतीला दोन ठिकाणी खाते : तळाशी उडणाऱ्या शिंतोड्यांनी आणि माथ्यावरून मुरणाऱ्या पावसाने. म्हणून खालच्या ६० सेंटिमीटरमध्ये आणि वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच सिमेंट घातले. मधला दीड मीटर कोरी माती. तिच्यात दर ४५ सेंटिमीटरला भाजक्या विटेची एक आडवी पट्टी, भिंतीच्या अंगाबाहेर किंचित डोकावणारी, म्हणजे वरून ओघळणारे पाणी तिथे थांबते आणि वेग घेत नाही. ऑस्ट्रियातल्या श्लिन्सचे मार्टिन राउख हीच युक्ती आपल्या कच्च्या मातीच्या इमारतींत वापरतात. सिमेंट पाच टनांवर आले.

बांधकाम

जागेवर वरची जमीन काळी होती. मुरूम लागेपर्यंत खोदून पाया दगडात घेतला आणि ६० सेंटिमीटरचे जोते बाहेर काढले. काळ्या मातीवर टेकवलेली कोणतीही भिंत पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उचलली जाते.

वाऱ्याचा हिशेबही करावा लागला. या भागासाठी भारतीय मानकात ताशी नव्हे, सेकंदाला ३९ मीटर इतका मूलभूत वेग धरतात. ४५ सेंटिमीटर जाडीची, तीन मीटर उंचीची, सरळ रेषेतली मोकळी भिंत त्या वाऱ्यापुढे जेमतेम उभी राहते. सुरक्षिततेला काही शिल्लक राहत नाही. टेकू देण्याऐवजी भिंत नागमोडी केली : तीन-तीन मीटरचे तुकडे आलटून पालटून पुढे-मागे, कोपऱ्यांत एकमेकांत अडकवलेले. त्यातून मजबुती मिळाली आणि रुळांकडे परत जाणारा आवाज एका दिशेने न जाता विखुरला.

शटरिंगच्या दोन फळ्यांमध्ये १५ सेंटिमीटरचा मोकळा थर पसरायचा आणि तो नऊ-दहा सेंटिमीटर होईपर्यंत धुम्मस चालवायचे. ओलावा किती, हे गवंडी हाताने ठरवत. मुठीत दाबून गोळा करायचा, खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर माती बरोबर. चपटा पडला तर पाणी जास्त, धूळ झाली तर कमी. थर पुरेसा दाबला गेला हे कानाला कळते. ‘धप्प’ असा बसका आवाज जाऊन ‘ठण्ण’ असा कोरडा आवाज येऊ लागतो. हे शिकायला मजुरांना दोन दिवस लागले आणि त्यानंतर कोणी देखरेख करायची गरज उरली नाही.

माथ्यावर शहाबादी फरशी, दोन्हीकडे सात-आठ सेंटिमीटर बाहेर काढलेली, खालून खाच मारलेली, म्हणजे पागोळी भिंतीला न चिकटता सुटून पडते.

पलीकडच्या पट्ट्यात जायला वाट हवी होती. लोखंडी गेट लावले असते तर त्या एका गेटमधून भिंतीचा निम्मा फायदा वाहून गेला असता. म्हणून १.२ मीटरची वाट ठेवून तिच्यापुढे आडभिंत घेतली आणि दोन्ही भिंती एकमेकींवरून चार मीटर पुढे नेल्या.

वळवाने मात्र गाठलेच. मैदानाच्या अटीमुळे आणि परवानगीमुळे सुरुवात फेब्रुवारीत झाली होती. मेमध्ये, माथ्याची फरशी बसायची असताना, एका संध्याकाळी वादळी पाऊस आला. ताडपत्री उडाली आणि दोन तुकड्यांचा वरचा अर्धा मीटर फुगून गळून पडला. तीच माती वाळवून, चाळून पुन्हा वापरली. सिमेंट असलेल्या वरच्या थराचा माल तेवढा फेकावा लागला.

परिणाम

शाळा सुरू झाल्यावर त्याच यंत्राने, त्याच जागी, खिडक्या उघड्या ठेवून पुन्हा मोजले. मालगाडीचा खडखडाट खिडकीबाहेर सुमारे आठ डेसिबलने उतरला होता. सूत्राच्या आकड्यापेक्षा तो कमीच. गाडीची बाजू आणि भिंत यांच्यातली उलटसुलट परावर्तने आणि वाऱ्याची दिशा सूत्रात नसतात. दहा डेसिबल घट कानाला साधारण निम्मी वाटते, तीन जेमतेम जाणवते, त्या मापाने आठ ही भरीव घट. भोंगा चार-पाच डेसिबलने कमी झाला. तो अजूनही दचकवतो.

वर्गाच्या आत मात्र फायदा बाहेरच्याइतका दिसेना. खिडकीबाहेर आठ, शेवटच्या बाकावर पाच. शोधल्यावर कारण डोक्यावर सापडले. पत्रे आणि भिंत यांच्यामध्ये वळचणीला हातभर मोकळी जागा होती, हवेसाठी ठेवलेली. माथ्यावरून वळून आलेला आवाज तिथून आणि पातळ पत्र्यातून थेट आत उतरत होता. रुळांकडच्या वळचणी मातीच्या दाबलेल्या विटांनी बंद केल्या, हवेची वाट पुढच्या बाजूच्या वळचणीने ठेवली, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या लावून त्यांवर भुसा कालवलेल्या मातीचा गिलावा केला. आतही घट सात-आठवर आली आणि उन्हाळ्यात वर्ग थंड राहू लागले, हे वेगळेच. तिसऱ्या बाकाचे उद्दिष्ट मालगाडीसाठी साध्य झाले. भोंग्यासाठी नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर कोऱ्या मातीच्या भागातून वरची बारीक धूप झाली, आतले खडे उघडे पडले आणि तिथे ती थांबली. विटेच्या पट्ट्यांनी काम केले. एका कोपऱ्यात घुशींनी जोत्याशेजारी बीळ केले होते, ते दगड-चुन्याने बुजवले.

आणखी एक गोष्ट घडली. रुळांच्या पलीकडे, साठेक मीटरवर एक वस्ती आहे. तिथल्या एका आजींनी शाळेत येऊन सांगितले, ‘तुमच्या भिंतीनं आमच्याकडं आवाज वाढलाय, बाबा.’ कागदावर ही वाढ दीड डेसिबलपेक्षा जास्त निघत नाही, आणि गाडी मध्ये असताना तिच्याच अंगाने बराचसा परावर्तित आवाज अडतो. भिंतीआधी पलीकडे मोजणीच झालेली नसल्याने हे त्यांना दाखवून देता येईना. आणि ज्यांना कोणी विचारलेच नव्हते, त्यांना नंतर आलेख दाखवून उपयोग काय?

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. वळचणी आणि छताचे काम आधी, भिंत नंतर. वळचणींचा खर्च भिंतीच्या मानाने किरकोळ होता, आणि तो आधी केला असता तर भिंतीची उंची ठरवताना आतल्या मोजणीचा आधार मिळाला असता.

पलीकडच्या वस्तीला पहिल्या बैठकीत बोलवायला हवे होते आणि भिंतीआधी त्यांच्या अंगणातही मोजायला हवे होते. ध्वनिभिंत ही दोन्ही बाजूंची गोष्ट असते. रुळांकडच्या अंगाला भुसा-मातीचा खडबडीत, सच्छिद्र गिलावा देण्याचे आता ठरले आहे. दाबलेल्या मातीचा गुळगुळीत पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परतवतो.

मातीचे काम दिवाळीनंतर सुरू करून गुढीपाडव्याला माथा झाकला पाहिजे. तारीख पुढे गेली तर काम पुढच्या वर्षी ढकलावे. या प्रकरणात मार्च संपताना थांबून झालेले तुकडे झाकून ठेवण्याचा पर्याय चर्चेत आला होता. शाळा सुरू होण्याआधी पूर्ण करायच्या घाईत तो मागे पडला.

भोंग्याचा उपाय भिंतीत नाही. फाटक जाऊन भुयारी मार्ग झाला तर ‘सी/फा’ची पाटी आणि तिथले सक्तीचे भोंगे दोन्ही जातात. ग्रामपंचायतीने तसा ठराव आता केला आहे. तो भिंतीच्या चर्चेच्या वेळीच व्हायला हवा होता.

देखभालीसाठी दरवर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास फरशीचे सांधे, विटेच्या पट्ट्या आणि जोत्याची बिळे पाहायची, अशी नोंद शाळेच्या कामांच्या वहीत झाली आहे. त्यासाठी लागणारी दोन ट्रॉली चाळलेली माती शेडमध्ये राखून ठेवली आहे.

दरम्यान संस्थेने वाढत्या पटासाठी याच ओळीवर दुसरा मजला चढवायचा नकाशा केला होता. वरच्या मजल्यावर बसलेल्या मुलाच्या कानापासून रुळापर्यंतची रेघ भिंतीच्या जागी जमिनीपासून चार मीटरहून उंच जाते. तीन मीटरच्या भिंतीचा त्या वर्गांना कसलाही उपयोग नाही. हे समितीपुढे ठेवल्यावर नकाशा मागे घेतला गेला. नव्या चार खोल्या आता पुढच्या बाजूला, रस्त्याकडे, तळमजल्यावरच होत आहेत, आणि जुनी ओळच त्यांच्यासाठी आडोसा होणार आहे.